काळं सुगड आणि पांढरी बाराबंदी

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या पट्ट्याची शिवण उसवली आहे, पाठीवरचं रबर चिकट झालं आहे आणि बटणांवरची अक्षरं विरेशच्या अंगठ्याने केव्हाच पुसून टाकली आहेत. पण डोळा म्हणाल तर अजून ठणठणीत! उगाच बढाई मारत नाही. माझी परीक्षा झालेली आहे, आणि त्या परीक्षेची गोष्टच मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म दूर परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथे इतकी स्वच्छता की माझ्या अंगावर धुळीचा कण बसला नाही. ती सगळी हौस पुढे सोलापुरात फिटली. नवी पेठेत एका चिंचोळ्या जिन्यावर विरेशचा फोटो स्टुडिओ आहे. त्याने मला खोक्यातून काढलं, त्याच्या बायकोने, सिद्धेश्वरीने, मला हळदकुंकू वाहिलं, आणि कुंकवाचं बोट भिंगाला लागता लागता राहिलं. तेव्हापासून मी या घरचा झालो.

काम तर किती केलं म्हणून सांगू! लग्नं, बारशी, शाळांची संमेलनं, अक्कलकोटला दर्शनाला निघालेली अख्खी कुटुंबं. बायका फोटो हातात घेऊन म्हणायच्या, लई गोड फोटो येत्यात की. विरेश लाजायचा आणि मी मनातल्या मनात फुगायचो.

पण एका बाबतीत माझी दरवर्षी फजिती व्हायची. संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. नंदीध्वज म्हणजे उंचच उंच सजवलेल्या काठ्या निघतात आणि ते पेलणारे मानकरी पांढरीशुभ्र बाराबंदी घालतात. नीळ दिलेली, कडक इस्त्रीची, बंदांनी बांधलेली. भर उन्हात ती अशी चमकते की बघणाऱ्याने डोळे बारीक करावेत. नंदीध्वज पेलणाऱ्यांत विरेशचे सासरे संगप्पा असायचे. रंगाने काळेभोर, डोक्याला फेटा, आणि नजर वर काठीच्या टोकाकडे. कपडे उन्हात आणि तोंड फेट्याच्या सावलीत.

आता गंमत बघा. आमच्या गावात बाराबंदीचे बंद फोटोत दिसले नाहीत, नुसता पांढरा गोळा आला, तर लोक फोटो परत करतात. जळाली की वो बाराबंदी, असं तोंडावर म्हणतात. या धाकाने विरेश फोटो मुद्दाम अंधारा काढायचा, आणि वर्षागणिक जास्तच अंधारा. बंद न् बंद मोजून घ्यावा असा यायचा, पण संगप्पांच्या तोंडाचा मात्र कोळसा. फ्लॅश मारावा तर लांबून तो पोचत नाही, आणि पोचला तरी आधी बाराबंदीवरच पडतो.

संगप्पा हसून सोडून द्यायचे. माझं तोंडच काळं, त्याला कॅमेरा काय करंल, म्हणायचे. पण ते त्यांना किती लागतं, हे सिद्धेश्वरीला माहीत होतं. त्यांच्या घरी भिंतीवर एक जुनाट फोटो होता, संगप्पांच्या वडिलांचा. तेही नंदीध्वजाचे मानकरी. फोटोत तशीच बाराबंदी, तसाच फेटा आणि मध्ये काळा डाग. वडील गेले तेव्हा संगप्पा पाळण्यात होते. त्यांनी बापाचं तोंड कधी पाहिलंच नाही. कोणी नसताना ते त्या फोटोपाशी जाऊन अगदी जवळून बघत उभे राहायचे.

यंदा संगप्पांचे गुडघे बोलायला लागले. पुढच्या वर्षी काठी दुसऱ्याच्या हाती द्यायची, असं ठरलं. म्हणजे त्यांचा मानाच्या पोशाखातला हा शेवटचा फोटो. सिद्धेश्वरीने नवऱ्याला बजावलं, "अहो, यंदा बाबांचं तोंड आलं पायजे. माझी पोरं पुन्हा काळ्या डागाला नमस्कार करणार न्हाईत."

विरेश घाबरला आणि दोष आला माझ्यावर. रोज मोबाइलवर तो कॅमेऱ्यांच्या चाचण्या वाचू लागला. त्यात एक आकडा असतो. एकाच फोटोत अगदी उजळ आणि अगदी अंधारं असं दोन्ही किती दूरपर्यंत धरता येतं, ते तो सांगतो. उजेड एक पायरी वाढला म्हणजे दुप्पट झाला. नव्या कॅमेऱ्याच्या पायऱ्या जास्त, माझ्या कमी. आलेखातली माझी रेघ खाली आणि त्याची वर. झालं! विरेशने मला विकायचं ठरवलं आणि माझं झाकण लावून कपाटात ठेवलं. मला वाईट वाटलं. खरं सांगतो, रागही आला. इतकी वर्षं डोळ्यात धूळ घेतली ती कोणासाठी?

त्याने त्याचा मित्र शिवानंदकडून नवा कॅमेरा एका दिवसासाठी मागून आणला. आम्हा दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच जागेचा फोटो काढला. त्याच्या फोटोत सावल्या उजळ, माझ्या काळ्या. बघ, म्हणाला विरेश. पण फोटो संगणकावर घेण्याचं काम सिद्धेश्वरीचं. तिने दोन्ही कॅमेऱ्यांच्या सेटिंग तपासल्या आणि कपाळाला हात लावला. दोन्ही कॅमेरे ऑटोवर! नव्याने आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, स्वतःच वाढवली होती, वर सावल्या उजळायची सोयही चालू होती. त्याची परीक्षाच झाली नव्हती, त्याने तोंडाला पावडर लावून फोटो दिला होता.

मग तिने गच्चीवर खरी परीक्षा मांडली. संगप्पांची धुतलेली बाराबंदी उन्हात दोरीवर टाकली. शेजारी छत्रीच्या सावलीत स्टुलावर संक्रांतीचं काळं सुगड ठेवलं. सुगडावर कुंभाराच्या बोटांच्या बारीक रेघा होत्या. आयएसओ दोघांचा सारखा, सगळ्यात कमी. सगळी सोय बंद, आणि ज्यात कॅमेऱ्याने पाहिलेलं सगळं जसंच्या तसं राहतं अशी कच्ची फाईल. पहिला फोटो सुगड नीट दिसेल असा. मग दर फोटोला एक पायरी अंधार. संगणकावर प्रत्येक फोटो जितका अंधारा, तितकाच परत उजळायचा.

नवा कॅमेरा सरस निघाला. खोटं कशाला बोलू? चार पायऱ्या अंधारात नेलं तरी त्याच्या सुगडावरच्या रेघा मोकळ्या होत्या. माझ्या चौथ्या पायरीला सुगड हिरवंजांभळं झालं आणि त्यावर आडवे पट्टे उठले. विरेशने मान हलवली. पण सिद्धेश्वरी एक एक फोटो मागे गेली. माझ्या दुसऱ्या पायरीला रेघा छान होत्या, पण बाराबंदी जळालेली. तिसऱ्या पायरीला मात्र बंद शाबूत, आणि उजळल्यावर सुगडावरची रेघ न् रेघ हजर! जरा खरखरीत, पण हजर.

"तुमी दरवर्षी चौथ्या पायरीच्याही खाली जाताय," ती म्हणाली. "ह्याला तीन जमतंय, तर तीनवरच थांबा की. बाबांच्या तोंडाला तेवढं पुरतं."

 माझा आकडा विरेशने पाठ केला होता, पण आपल्याला त्यातलं किती लागतं, हे विचारलंच नव्हतं. शिवानंदचा कॅमेरा संध्याकाळी परत गेला, कारण यात्रेत तो त्याला स्वतःलाच लागणार होता. आणि मला मऊ कापडाने पुसून घेतलं गेलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी ऊन रणरणत होतं. हर्र बोला हर्रचा गजर झाला आणि संगप्पा पुढे आले. कमरेला पट्टा, हातात काठी, नजर वर. विरेशने मला डोळ्याला लावलं. तोंड नीट दिसेल तिथून खाली मोजत परीक्षेतल्यासारखी तिसरी पायरी धरली आणि एक फोटो काढून मागच्या पडद्यावर पाहिला. बाराबंदी जळायला आलीय असं वाटत होतं आणि तोंड तर काळंच. त्याचा अंगठा सवयीने चाकावर गेला. एक खट्, की पुन्हा तोच कोळसा. मला ओरडता येत नाही, नाहीतर ओरडलो असतो. अरे बाबा, नको! विरेशने अंगठा उचलला आणि बटण दाबत राहिला. पडद्यापेक्षा त्याने सुगडावर विश्वास ठेवला.

घरी सिद्धेश्वरीने फाईल उघडून सावली हळूहळू वर आणली. आधी गालाचं हाड आलं. मग भुवयांमधली उभी आठी, मग ओठांवर टेकलेली पांढरी मिशी. बाराबंदीचे बंद जिथल्या तिथे. तिने मोठा फोटो छापला आणि आम्ही सगळे संगप्पांच्या घरी गेलो. मीही गेलो, विरेशच्या गळ्यात.

तिथे संगप्पांची थोरली बहीण मायाक्का बसली होती. वडिलांना पाहिलेलं असं घरात तेवढंच एक माणूस. तिने फोटो खिडकीशी नेला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत बोट फिरवलं. डोळे भरून आले तिचे.

"संगू," ती म्हणाली, "ह्यो तू न्हाईस. आपला अप्पा हाय ह्यो."

संगप्पांनी फोटो हातात घेतला. भिंतीवरच्या काळ्या डागाकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं, आणि मग खाली बसले.

"म्हंजी रोज दाढी करताना," ते हळू म्हणाले, "मी अप्पालाच बघत हुतो व्हय."

आता ते दोन्ही फोटो भिंतीवर शेजारी शेजारी आहेत. मी पुन्हा कामाला लागलो आहे आणि सुखात आहे. एक दिवस नवा येईल, त्यालाही हळदकुंकू वाहतील. येऊ दे बापडा, माझी काही तक्रार नाही.

मित्रांनो, तुमच्याही कपाटात माझा एखादा भाऊबंद पडून असेल. त्याची बॅटरी काढून ठेवा, ओलीपासून जपा, भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. परीक्षा घ्यायची तर एक काळं सुगड आणि एक पांढरा सदरा घेऊन गच्चीवर जा आणि त्याला कुठवर दिसतं ते बघा. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याच्यापुढे बसवा. ते नको नको म्हणतील, तोंड काळं आहे म्हणतील. तुम्ही ऐकू नका.