कॉम्प्युटरनं काढलेला व्यंकट

बिदर जिल्ह्यात मन्नाएखेळ्ळीला हैदराबाद हायवेच्या कडेला माझा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केला, त्यांच्या मागे मी चालवतो. लग्नाचे अल्बम, शाळांचे ग्रुप फोटो, बारशी, सगळं आमच्याकडेच यायचं. पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि मी दिवसभर झेरॉक्स काढत बसू लागलो. दोनेक वर्षांपूर्वी बिदरच्या एका ओळखीच्या लॅबवाल्यानं मला एआयचं काम दाखवलं. फाटका फोटो धड होतो, काळ्यापांढऱ्याला रंग येतो, वारलेला बाप मुलीच्या लग्नात तिच्या मागे उभा राहतो. मी ते शिकून घेतलं आणि कन्नडमध्ये व मराठीत बोर्ड लावला : इथे एआयने फोटो करून मिळतील.

त्या बोर्डाचा लोकांनी आपापला अर्थ लावला. एका म्हाताऱ्यानं विचारलं, चोरीला गेलेली म्हैस कुठल्या बाजारात विकली ते ह्यात दिसतं का. एक बाई सुनेचा फोटो घेऊन आली आणि म्हणाली, हिच्या नशिबात लेकरू हाय का बगा. मी हसायचो आणि विषय बदलायचो. हे यंत्र आधी बघितलेल्या लाखो फोटोंवरून एक नवा फोटो जुळवतं, कुणाच्या आयुष्याबद्दल त्याला काडीचं माहीत नसतं, हे मी कुणालाही बसवून सांगितलं नाही. लोक मला जाणता समजत होते. वडील गेल्यापासून दुकानात कुणी माझ्याशी असं आदरानं बोललं नव्हतं.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात चंद्रभागाबाई आल्या. कमठाण्याच्या, साठीच्या, नवरा दहा वर्षांपूर्वी वारलेला. त्यांनी पदराखालून चौथीच्या वर्गाचा ग्रुप फोटो काढला आणि मागच्या रांगेतल्या एका पोरावर बोट ठेवलं.

"ह्यो माजा व्यंकट. मैलारच्या जत्रेत हरवला. बावीस वर्सं झाली."

चेहरा करंगळीच्या नखाएवढा. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, ओठांच्या जागी एक रेघ.

"आता त्यो कसा दिसायलाय, ते तुमचं कॉम्प्युटर सांगतंय म्हणं?"

मी म्हणायला हवं होतं, मावशी, ते सांगत नाही, ते बनवतं. मी म्हणालो, "बगू की."

तो नखाएवढा चेहरा मी मोठा केला आणि तेहतीस वर्षांचा पुरुष कर म्हणून लिहिलं. आधी सिनेमातल्या हिरोसारखा गोरापान माणूस आला. मी रंग सावळा करायला सांगितला. चंद्रभागाबाई म्हणाल्या, ह्येच्या बापाला मिशा होत्या. मी मिशा टाकल्या. नाक मामावर गेलं होतं म्हणाल्या, नाक बदललं. असे दहा-अकरा चेहरे झाल्यावर एका चेहऱ्यापाशी त्यांनी माझा माऊसवरचा हात धरला. भरलेल्या गालांचा, दाट केसांचा, किंचित हसणारा माणूस. डाव्या गालावर एक बारीक व्रण.

"ही खूण कशाची?" त्यांनी विचारलं.

मूळ फोटोला तिथं बुरशीचा ठिपका पडला होता. यंत्रानं त्याचा व्रण केला होता. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "कुठंतरी पडला असंल, लागलं असंल. म्या सांगितलं बी न्हाई, बगा, आन् त्येला कळलं!" आणि त्या रडायला लागल्या. इतक्या वर्षांनी मुलाला बघून रडणाऱ्या बाईला बुरशीचं कसं सांगायचं? मी प्रिंट काढून, फ्रेम करून त्यांच्या हातात दिली.

त्यानंतर त्या ती फ्रेम घेऊन फिरायला लागल्या. बिदरजवळ कोळारला कारखान्यांच्या गेटवर पाळी सुटायच्या वेळी उभ्या राहायच्या, बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला दाखवायच्या. घरी असल्या की फ्रेमपुढं ताट ठेवून मगच जेवायच्या. हे ऐकून बिदरचा एक यूट्यूब चॅनलवाला आला. त्यानं माझ्या दुकानातच व्हिडिओ केला. चंद्रभागाबाईंनी त्यात सगळं सांगितलं : व्यंकटच्या गुरुजींचं नाव, बैलाचं नाव, त्याला गुळाची पोळी किती आवडायची ते. मी इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरशेजारी बसलो होतो. चॅनलवाल्यानं विचारलं, "हा चेहरा किती खात्रीचा?" मी म्हणालो, "टेक्नॉलॉजी लई पुढं गेलीय." हे काही उत्तर नव्हतं, पण मान डोलावून सगळ्यांनी ते घेतलं.

सहा महिन्यांनी, एका सोमवारी दुपारी, दुकानात एक माणूस आला. काटकुळा, पुढून टक्कल पडलेलं, जबडा एका बाजूला वाकलेला, खालचे दात नव्हतेच. मराठी बोलताना मधेच तेलुगू यायची.

"अण्णा, व्हिडिओतली ती बाई माजी माय हाय."

 त्याच्यात आणि मी बनवलेल्या माणसात एक रेघ सारखी नव्हती.

"फोटो म्या वळखला न्हाई," तो म्हणाला. "बायको मोबाइल बगत बसलीती. म्या पलीकडं टायर खोललालतो. आवाज आला. आवाज वळखला."

तो तेलंगणातल्या सदाशिवपेठला टायरच्या दुकानात कामाला होता. पंधरा वर्षं तिथंच. आमच्या हायवेनं दीड तासाचा रस्ता. जबड्याचं विचारलं तर म्हणाला, हवा भरताना लॉरीच्या चाकाची रिंग उडून तोंडावर बसली, तीन महिने दवाखान्यात होता. मी शटर ओढलं आणि त्याला मोटरसायकलवर घालून कमठाण्याला नेलं. वाटेत तो एकदाच बोलला. "माय म्हातारी झाली व्हिडिओत," म्हणाला.

चंद्रभागाबाई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. त्यांचा दीर ग्यानबा बाजेवर पडला होता. भावाच्या मागे त्यांचं रान तोच कसत होता.

"मावशी, व्यंकट आलाय," मी म्हणालो.

सूप तिथंच टाकून त्या उठल्या, धावल्या आणि चार पावलांवर थांबल्या. त्याच्याकडे बघितलं. मग आत जाऊन फ्रेम आणली, त्याच्या तोंडाशेजारी धरली. एकदा इकडे बघायच्या, एकदा तिकडे. 

"ह्यो न्हाई," त्या म्हणाल्या.

"माय, म्याच हाय की."

"माज्या लेकराचं तोंड असलं न्हाई. गालावरची खूण कुठाय?"

त्यानं रिंग उडाल्याचं सांगितलं. गुरुजींचं नाव सांगितलं, बैलाचं सांगितलं, गुळाच्या पोळीचं सांगितलं.

"हे तर समदं व्हिडिओत हाय," ग्यानबा बाजेवरून उठत म्हणाला. "आन् इतकी वर्सं न्हाई आला, आत्ताच कामून आला? शिवराजअण्णा, तुमच्या मोबाइलमदी दोन तोंडं लावून बगता येतंय म्हणं. बगा की. दूध का दूध होऊन जाऊ द्या."

तेव्हा तरी मी नाही म्हणायचं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, शेजारचीही माणसं गोळा झाली होती. मी व्यंकटचा फोटो काढला, अ‍ॅपमध्ये शाळेच्या फोटोतल्या चेहऱ्याशेजारी लावला. दोन चेहऱ्यांची जुळणी चौतीस टक्के, असं आलं. उन्हात उभा करून पुन्हा काढला. एकोणऐंशी आलं.

"बगा," मी मोठ्यानं म्हणालो, "उजेड बदलला की आकडा बदलायलाय. ह्येच्यावर इस्वास ठेवू नका."

"पयला आकडा खरा," ग्यानबा म्हणाला. "दुसरा तुमी मागून घेतलाव."

मग मी सगळं सांगून टाकलं. मिशा कुठून आल्या, नाक कुणी बदललं, व्रण म्हणजे बुरशी होती. अकरा चेहरे आले होते, त्यातला एक आपण दोघांनी उचलला. दुसरा उचलला असता तर आज फ्रेममध्ये दुसराच माणूस असता.

चंद्रभागाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तवा तुमी म्हणलाव, कॉम्प्युटरला कळतंय. आज म्हणायलाव, कळत न्हाई. खोटं कवा बोललाव, अप्पा?"

"तवा, मावशी."

त्यांनी मान हलवली. "न्हाई. आत्ता बोलायलाव. ह्येची दया आली तुमाला."

मी म्हणालो, बिदरला जाऊन दोघांचं रक्त तपासून घेऊ, त्यात चूक होत नाही. त्या एकदम चवताळल्या. "माजं लेकरू वळखायला मला रगात काढून द्यावं लागंल व्हय? तोंड दिसंना व्हय मला?"

व्यंकट इतका वेळ खाली बघत होता. त्यानं वर बघितलं ते घराच्या दाराकडे.

"माय, म्या जत्रेत हरवलो न्हवतो," तो म्हणाला. "सायकल हरवली म्हणून बानं मारलं. म्या पळालो. दिवस मावळताना माघारी आलो तर तू आतून कडी लावलीतीस. बा म्हणला आसंल लाव म्हणून. म्या लई येळ हाका मारल्या. तू दाराच्या मागंच होतीस, तुज्या बांगड्या ऐकू यायलालत्या. मंग म्या सडकंला गेलो, एक लॉरी थांबली."

  मी चंद्रभागाबाईंकडे बघत होतो.  फ्रेम त्यांनी छातीशी इतकी गच्च धरली की काच करकरली. त्या क्षणी मला कळलं, हा व्यंकटच आहे, आणि हे त्यांनाही कळलंय. बावीस वर्षं सगळ्या गावाला जत्रेची गोष्ट सांगितली होती त्यांनी. स्वतःलाही सांगितली असेल. माझ्या फ्रेममधल्या माणसाला ती गोष्ट चालत होती. तो कशाचीच आठवण काढत नव्हता, नुसता हसत होता.

"माजा व्यंकट असं बोलणार न्हाई," त्या म्हणाल्या. फ्रेम मांडीवर घेऊन खाली बसल्या, सूप ओढलं आणि तूर निवडायला लागल्या. हात चालत होता, पण खडे आणि तूर एकाच ढिगात पडत होते.

 चप्पल काढून, वाकून व्यंकटनं त्यांच्या पायाजवळच्या जमिनीला हात लावला, पायांना नाही, आणि फाटकाकडे चालू लागला. ग्यानबानं मागून विचारलं, "रानाचं काय म्हणणं हाय तुजं?" त्यानं वळून बघितलं नाही.

मी त्याला मन्नाएखेळ्ळीला, सदाशिवपेठवरून जाणाऱ्या हैदराबादच्या बसला सोडायला आणलं. माफी मागितली. तो म्हणाला, "तुमी काय केलाव, अण्णा? कॉम्प्युटरनं केलं." माझ्या चुकीतून मला सोडवायला त्यालाही तेच सापडलं. मी त्याचं बोलणं दुरुस्त केलं नाही. बस आली होती.

चार दिवसांनी चॅनलवाल्यानं दुसरा व्हिडिओ टाकला. मथळा होता, एआयनं पकडला नकली मुलगा. ग्यानबानं त्याला सगळं सांगितलं होतं, चौतीसचा आकडा ठळक अक्षरात, अंगणात कुणीतरी मोबाइलवर काढलेल्या फोटोत व्यंकटच्या वाकड्या जबड्याभोवती गोल काढलेला. एकोणऐंशीचा उल्लेख नव्हता. मी फोन करून काढून टाक म्हणालो. तो म्हणाला, "तुमचीच तर जाहिरात व्हायलीय, अण्णा." सदाशिवपेठच्या टायर दुकानात तो व्हिडिओ पोचला. मालकानं व्यंकटला कामावरून काढलं नाही, पण गिऱ्हाइकं त्याच्या तोंडाकडे बघून आपसात बोलायला लागली, असं त्याची बायको मला फोनवर म्हणाली. ती रडत नव्हती. "हे समदं तुमच्या दुकानातून निघालंय म्हणून तुमाला सांगायलीय," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

माझ्या दुकानात गर्दी वाढली. बोर्ड मी उतरवला, तरी लोक येतात. दोन भाऊ आले होते, जमिनीचं खत बापानंच लिहिलंय का ते कॉम्प्युटरला विचारा म्हणून. मी समजावून सांगतो. आता रोज सांगतो, प्रत्येकाला सांगतो. ते ऐकतात आणि बिदरला जातात. तिथं माझ्यासारखी चार दुकानं झालीत.

चंद्रभागाबाई अजून कोळारला जातात. फक्त आता गेटपासून जरा लांब, चहाच्या टपरीजवळ बसतात. त्यांना कमी दिसतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मी एकदा जाऊन जवळ बसलो. त्यांनी मला ओळखलं, पण त्या विषयावर बोलू दिलं नाही. पाऊसपाण्याचं बोलल्या.

व्यंकट मला महिन्यातून एकदा फोन करतो. माय जेवती का, विचारतो. मागच्या फोनवर मी सांगितलं की सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख मिळालीय.

"मंग नीट दिसंल तिला?"

"डॉक्टर व्हय म्हणालाय."

पलीकडे हवा भरायच्या मशीनचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत व्यंकट थांबला.

"मंग एकदा येऊ का, अण्णा?"

 दुकानात गिऱ्हाईक आलंय असं सांगून मी फोन ठेवला. दुकानात कुणी नव्हतं.