मंतरलेली रोपे आणि जांभळे मणी

‘आमच्या मंत्रोच्चाराने भाताच्या रोपांतील ई जीवनसत्त्व चौपट होते. अशी रोपे अतिनील किरणांनी करपत नाहीत. आणि ती भिजवलेले पाणी पिणाऱ्या मनुष्यासही उन्हाची बाधा होत नाही.’

साधनाकेंद्राचे हे अधिकृत निवेदन सभागृहाच्या दारावर झळकत होते. त्यात एक सत्य आहे. ते तिथे ओलीस धरलेले आहे. भाताच्या पानांत ई जीवनसत्त्वाच्या कुळातली संयुगे असतात आणि अतिनील किरणांनी पेशींच्या आवरणांना होणारी इजा पसरू न देण्यास ती हातभार लावतात. परंतु ती किरण अडवत नाहीत. आग विझवायला धावणाऱ्याला कुणी भिंत म्हणत नाही. शिवाय ई जीवनसत्त्व तेलात विरघळते, पाण्यात नव्हे. आडात असले तरी पोहऱ्यात यायचे नाही, असा हा मामला.

पण आत पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर अतिनील किरणांच्या एका निळसर दिव्याखाली रोपांचे दोन ट्रे होते, दोन्हींवर पारदर्शक झाकणे. डावीकडची मंतरलेली रोपे हिरवीगार. उजवीकडची तांबूस डागांनी करपलेली. लोक ज्यांना किरणगुरू म्हणत, ते गृहस्थ हात उंचावून गर्जत होते, “टोकोफेरॉल, म्हणजेच ई जीवनसत्त्व, हा रोपाचा प्राण! आणि प्राण कुणाच्या आज्ञेत असतो?”

“आपल्याच!” सभागृहाने उत्तर दिले. विज्ञानाचा एक शब्द उच्चारला की उरलेले अज्ञान सोवळे होते, हे किरणगुरूंना पक्के ठाऊक होते.

पहिल्या रांगेत एक घड्याळजी, त्याची मुलगी चिमणी आणि त्याची बहीण, शाळेतली शिक्षिका, बसली होती. चिमणीला उन्हाचा आजार होता. उघड्या कातडीवर ऊन पडले की फोड उठत. म्हणून हातमोजे, रुंद टोपी, गळ्यापर्यंत कपडे. आज ते पाणी पिऊन तिने भर दुपारी उघड्या अंगणात उभे राहायचे होते, सर्वांसमक्ष.

“दादा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“जन्मभर झाकून ठेवा म्हणून सांगितलंय. पोर आहे की पाहुण्यांसाठी ठेवलेला सोफा? हा माणूस निदान बरं करतो म्हणतोय!”

“म्हणायला काय, जिभेला हाड असतं का?”

“तू गप्प बस. तुला सगळ्यांच्याच पेपरात चुका दिसतात.”

किरणगुरूंनी हाक मारली, “ये बाळ. ते मोजे काढ, पाणी घे.”

चिमणी मंचावर गेली, पण मोजे काढले नाहीत. तिच्या घरचा नियम होता, आधी मणी, मग बसणे. तिच्या मनगटावर पांढऱ्या मण्यांची माळ असे. अतिनील किरण पडले की ते मणी जांभळे होत. अनोळखी दिव्यापाशी बसण्याआधी ती ते तपासून बघे. तिने माळ उतरवून उजव्या झाकणाखाली सरकवली. मणी जांभळे झाले. मग ती डाव्या झाकणाखाली ठेवली. ते हळूहळू पांढरे पडले.

“आत्या, इथे काहीच लागत नाहीये मण्यांना! आपल्या खिडकीच्या आत राहतात ना, तस्से पांढरे!”

“ते मंत्राचं वलय आहे, बाळ,” किरणगुरू घाईने म्हणाले.

आत्या तोवर मंचावर चढली होती. “वलय रोपांचं ना? मग झाकणं बदलू या. वलय कुठे जातंय!”

“अशुद्ध हात लावू नका!”

“धुऊन आलेय.”

तिने झाकणांची अदलाबदल केली. आता हिरव्या रोपांत मणी जांभळे झाले आणि करपलेल्या रोपांत पांढरे.

“अहो गुरुजी,” मागून कुणीतरी ओरडले, “तुमचं वलय फितूर झालं की!”

हशा पिकला. घड्याळजी मात्र हसला नाही. मंचावर चढून त्याने करपलेल्या रोपांवरचे झाकण उचलले आणि नखाने कोपरा खरवडला. प्लास्टिकवरून एक नितळ, पातळ फिल्म सुटून आली.

“ही मी घरी स्वतःच्या हाताने कापून लावलीय,” तो म्हणाला. “हिच्या खिडकीला. ऊन अडवायला.” मग मुलीकडे न बघता, “चल चिमणे. टोपी नीट घाल.”

हिरवी रोपे हिरवी राहिली, कारण त्यांच्यापर्यंत किरण पोहोचलेच नव्हते. करपलेल्यांवर साधे प्लास्टिक होते. चमत्कार दाखवणाऱ्याला एवढेच विचारा: दोन्ही बाजूंना सगळे सारखे होते का? आणि अदलाबदल करू देता का? जो नाही म्हणेल, त्याच्या हातून पाणीसुद्धा पिऊ नका. आपल्या लेकराला तर मुळीच पाजू नका.

चौकशीत किरणगुरूंनी दिलेला जबाब शब्दशः असा: “फिल्म मीच चिकटवली. मंत्राने किरण अडत नाहीत, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. अडले असते, तर मी फिल्म कशाला लावली असती?”