अधांतरी घास

मी एक जुनी चॉपस्टिक आहे. एक कसली, जोडीच! एकटीला कोण विचारतं? चीनमधल्या फूच्यानच्या एका सुताराने मला बांबूतून तासलं आणि सिउयिंगच्या लग्नात मी तिच्याबरोबर जपानमध्ये, कोबे शहरात आले. मित्रांनो, मी लांब आहे ती समोरच्याच्या ताटापर्यंत पोचता यावं म्हणून. सिउयिंग आजी झाली, तरी पहिला चांगला घास तिने कधी स्वतः खाल्ला नाही. तो माझ्याच टोकावरून नातीकडे, मिनोरीकडे जायचा. "खा गं, वाळलीयेस नुसती!" काय तोरा होता माझा तेव्हा!

मिनोरीची आई जपानी. एकदा चिनी नववर्षाच्या जेवणाला आईची आई, हारुए आजी, आली. सिउयिंग आजीने मांसाचा गोळा पुढे केला आणि मिनोरीने तो आपल्या आखूड काड्यांनी वरच्यावर पकडला. हारुए आजी किंचाळलीच.

"अगं, सोड! आमच्यात दहनानंतर अस्थी देतात अशा, काडीवरून काडीवर!"

"आमच्याकडे याला माया म्हणतात, विहीणबाई."

"असेल माया! पण पोर जपानात वाढतेय."

गोळा टेबलावर पडला. त्या दिवसापासून मिनोरी ताट मागे ओढू लागली. सिउयिंग आजीने मला खणात टाकलं आणि ती मुकाट्याने चमच्याने जेवू लागली. मला खणात चैन पडेना. एकदा मिनोरीने आईला विचारलेलं ऐकलं, "मी कुठल्या आजीसारखं जेवू?" आई ताटं विसळत राहिली.

पुढच्या नववर्षाला दोघी विहिणी पुन्हा समोरासमोर बसल्या. मिनोरीनेच खण उघडून मला सिउयिंग आजीच्या हातात दिलं. आजीने माशाच्या गालाचा सगळ्यात मऊ तुकडा उचलला खरा, पण मध्येच थांबली. मी तुकड्यासकट अधांतरीच राहिले. पडला तर? पुन्हा ओरडाआरडा झाला तर?

मिनोरीने आपल्या काड्या आडव्या ठेवल्या आणि दोन्ही हातांनी भाताची वाटी उचलली.

"आजी, यात घाल." मग तिने वाटी हारुए आजीकडे वळवली. "आता तू. वाटी माझी आहे, दोघींचं मावतं."

हारुए आजीने आपल्या काड्या उलट्या फिरवून, न उष्टावलेल्या टोकांनी एक घास वाढला. "घे बाई, फार शहाणी झालीस!" म्हणाली, पण डोळे पुसत.

मित्रांनो, मला ओली ठेवू नका, बुरशी धरते. आणि खणात तर मुळीच टाकू नका. कुणाचा तरी घास हवेतच राहतो.