चार चालींत क्षयरोग मात

खोडाळ्याच्या बाजारात त्या दिवशी कांदे-बटाट्यांकडे कुणी फिरकेना. सगळे पटमहाराजांभोवती! डोळ्यांवर भगवी पट्टी, पुढे बुद्धिबळाचा पट आणि समोर काळा कोट घातलेला शिष्य. हा म्हणे यमराजाकडून खेळतो. काळा राजा म्हणजे तुमचा रोग. महाराज पुटपुटले, तीन चाली केल्या आणि चौथीला वजीर पटावर दाणकन आपटून गरजले, "शह आणि मात!" शिष्याने घाम पुसला, राजा आडवा पाडला. टाळ्या!

बुद्धिबळ इथे कुणालाच येत नाही. पण असा खेळ मोबाइलवरच्या पिक्चरमध्ये सगळ्यांनी पाहिलेला. त्यामुळे शंका कशाला घ्यायची?

आमच्या पाड्यावरच्या ढवळूचा क्षयरोग महाराजांनी आधल्या बाजारी असाच हरवला होता. दोन महिन्यांच्या औषधाने खोकला उतरलाच होता, श्रेय वजिराला गेलं. "आता गोळ्या बंद," असा हुकूम झाला. मी शाळेतला मास्तर; घरी जाऊन समजावलं, तर त्याची बायको रामी म्हणाली, "गुरुजी, गोळीनं त्यांना मळमळतं. देवानं मोकळं केलं, तुमचं काय जातं?" आठ दिवसांत खोकला परत आला. म्हणून आज दोघं पुन्हा रांगेत!

माझ्या शेजारी जव्हारचे लियाकत शिंपी उभे होते. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते बुद्धिबळच खेळतात. ते हळूच म्हणाले, "मास्तर, पट आडवा मांडलाय. उजव्या कोपऱ्यात पांढरं घर पाहिजे."

ढवळूचा नंबर आला. दाणकन वजीर. "मात!"

"थांबा," लियाकतभाई पुढे झाले. "वजीर राजाला खेटून उभा, मागे कुणाचा जोर नाही. राजा त्याला खातो की!" त्यांनी काळा राजा उचलून वजीर मारला. "रोग जिवंत आहे, महाराज. तुमचा वजीर गेला."

"हा देवीचा पट आहे!"

"मग देवीला म्हणावं, माझ्याशी एक डाव खेळ."

महाराजांनी पट्टी सारून घोडा उचलला आणि सरळ चार घरं पुढे नेला. लियाकतभाईंना हसू आवरेना. "अहो, घोडा अडीच घरं चालतो. हा एसटीसारखा कुठे निघाला?"

गर्दी खदखदली. कोटवाला शिष्य घाबरून बोलून गेला, "आम्हाला खेळता कुठं येतंय? पिक्चरच्या शूटिंगला गर्दीत उभं राहायचो. बुद्धिबळाचा एकच सीन दिवसभर घेत होते. तेवढाच पाठ झाला."

ढवळूने खोकत विचारलं, "मग मी बरा नाय झालो?"

"नाही," मी म्हणालो. "पण होशील."

नवऱ्याचा हात धरून रामी थेट दवाखान्याकडे चालू लागली. डॉक्टरांनी पुन्हा तपासणी केली, औषध पुन्हा सुरू झालं. या वेळी रामी गोळी गिळेपर्यंत समोर बसून राही. ढवळू बरा झाला, पण त्याला अख्खं वर्ष गेलं.

पिक्चरमध्ये कोण जिंकणार ते आधीच लिहिलेलं असतं. छातीतले जंतू काही ते वाचत नाहीत. ते मरतात रोजच्या गोळीने, आणि रोज गोळी घेण्यात टाळ्या वाजवण्यासारखं काही नसतं. तरी ती घ्या.