वळणावरचा डिपर

“परत म्हणा,” शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत ती म्हणाली.

“समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर आला, साहेब. दुसरं काही नव्हतं.” नवऱ्याने पाठ म्हणून दाखवला आणि वर पुस्ती जोडलीच, “पण गाडी नव्हती गं ती.”

तिने कपाळावर हात मारून घेतला. आठवडाभर हाच छळ चालला होता. जन्मात कधी सिग्नल न मोडलेला हा बस ड्रायव्हर पहाटेच्या फेरीला भर रस्त्यात बस उभी करतो काय, आणि माळावर आकाशातून उजेड उतरला होता म्हणून जगाला सांगत सुटतो काय! प्रवासी सगळे पेंगत होते, कुणी काही पाहिलेलं नाही. बरं, पाहिलं तर पाहिलं, गप्प बसावं की नाही? तर म्हणे, त्याने त्या उजेडाला डिपर दिला. समोरून कुणी आलं की दिवे मिचकावून ‘काय, बरं ना?’ विचारायचं, ही ड्रायव्हर लोकांची रीत. रोज संध्याकाळी घराखालच्या वळणावर आला की तो खिडकीतल्या बायकोलाही एक डिपर द्यायचा, आणि ‘पुरे हा चावटपणा’ म्हणत ती शिलाई मशीनवरून मान वर करायची नाही. तीच रीत त्याने परग्रहावरच्यांना दाखवली. त्यांनीही म्हणे उलट दिवे मिचकावले.

“चांगली माणसं असतील गं,” असं तो जेवताना सांगायचा, तेव्हा तिला रडावं की हसावं कळायचं नाही.

डेपोत सगळे पोट धरून हसले. साहेब हसले नाहीत. डोकं फिरलेल्याच्या हाती बस देता येत नाही म्हणून त्यांनी चौकशी लावली. नोकरी गेली तर घर कसंही रेटता आलं असतं. पण बसशिवाय हा माणूस चार भिंतींत खचून जाईल, या विचाराने तिची झोप उडाली होती.

“म्हणजे खोटं बोलू?” त्याने विचारलं.

“एकदाच बोला आणि मोकळे व्हा. माझ्यासाठी,” ती म्हणाली आणि गरम शर्ट त्याच्या हातात दिला.

दुपारी तो परत आला. बोलला होता. साहेबांनी पाठ थोपटून उद्यापासून कामावर यायला सांगितलं होतं. तिचा जीव भांड्यात पडला. त्याला जरा खुलवावं म्हणून तिने विचारलं, तो उजेड पांढरा होता की निळसर?

“समोरच्या गाडीचा होता,” तो ताटातून मान वर न करता म्हणाला. “दुसरं काही नव्हतं.”

शब्द तिचेच होते. चिडायचं तरी कुणावर?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओळखीचं इंजिन ऐकू आलं, तशी ती मशीन सोडून खिडकीत जाऊन उभी राहिली. बस वळणावर आली, हळू झाली, वळली. बसचे दिवे रस्त्यावर होते ते तसेच राहिले.

तिने खोलीतला दिवा मालवला आणि पुन्हा लावला. बस तोवर पुढे निघून गेली होती.