अनुमोदक हवा

युद्ध थांबवावं हा ठराव विद्यापीठाच्या अधिसभेने जितक्या वेळा पुढच्या बैठकीवर ढकलला, तितक्या वेळा सभागृह मागे लांबलं. आधी दोन रांगा वाढल्या, मग वीस, आणि आता तर मागची भिंतच दिसेना. वाढीव रांगांत लढाईत मारले गेलेले माजी विद्यार्थी येऊन बसत. गुणी पोरं, चकार शब्द काढायची नाहीत. कुलसचिव बेलसरे इतिवृत्तात त्यांची नावं लिहीत. ज्याचं नाव लिहिलं, तो कायमचा तिथला. नजरचुकीने दोघांची राहिली, तर ती जितीजागती घरी गेली.

ठराव वनस्पतिशास्त्राच्या इंगवलेबाईंचा. त्यांचा मुलगा हर्षद सीमेवर, महिनाभर फोन नाही. आणि या अधिसभेने मंजूर केलं की ते होतंच, बरं का! मागे विहिरींना पाणी लागावं असा ठराव झाला, तर चहा यायच्या आत विहिरी तुडुंब भरल्या होत्या.

बाईंनी ठराव वाचला.

"अनुमोदक?" कुलगुरूंनी विचारलं.

एरवी तासतासभर भाषणं ठोकणारे सगळे समोरचे कागद चाळू लागले.

"अनुमोदकाशिवाय ठराव पडतो, बाई."

तेवढ्यात पार मागे एक हात वर झाला. मग सगळ्या रांगा उभ्या राहिल्या. केवढी ती पोरं! नजर पोचेना. तिकडे लख्ख पहाट झाली होती आणि तिचा उजेड इकडे कुलगुरूंच्या टेबलापर्यंत आला. बाईंचे हात आपसूक जोडले गेले. एवढं मोठं काही त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"चालेल," बेलसरे म्हणाले. "नियमात 'जिवंत' असं कुठे म्हटलेलं नाही. नाव?"

मागून आवाज येईना.

"बाई, सूचकाने ओळखून सांगावं. नाव लिहिल्याशिवाय अनुमोदन धरता येत नाही."

बाईंनी चष्मा पुसून पाहिलं. हात डावा होता. टाचा उंचावून, शाळेत उत्तर येत असलं की करायचा तसा, तो हर्षदने वर धरला होता. नावं लिहीत लिहीत बेलसरे अजून शेवटच्या रांगेपर्यंत पोचले नव्हते.

"अरे माझ्या राजा," बाई पुटपुटल्या.

"काय लिहू?"

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"लिहा," त्या म्हणाल्या, आणि नाव ऐकायला ती हजारो पोरं एकदम पुढे वाकली.