मणी गोल आहेत का?

मित्रांनो, मी एक जुना हेडसेट आहे. डोळ्यांवर चढवला की समोरची खोली नाहीशी होते आणि दुसरंच जग दिसू लागतं, त्यातला. पण पेशींच्या या प्रयोगशाळेत मला सगळे 'आजी' म्हणतात. सहा वर्षं आजी ऐकल्यावर आता मला 'तो हेडसेट' म्हणवून घ्यायला जड जातं. तेव्हा मी आजीसारखीच बोलणार. कोणाला टोचलं तर टोचू दे.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने माझ्या दोन काचा बसवल्या, त्यांवर फुंकर मारली, एकदा आत डोकावून पाहिलं आणि मला पुढे सरकवलं. एवढंच माझं शिक्षण. माझी भावंडं घरोघरी खेळायला गेली. कोणी मोटारी पळवल्या, कोणी राक्षस मारले. माझ्या वाट्याला पेशी आल्या.

पेशी म्हणजे काय हे मला कोणी शिकवलं नाही. बघून बघून शिकले. इथे सूक्ष्मदर्शक सांभाळणारे एक काका आहेत. ते सुरी न लावता, नुसत्या उजेडाने पेशीचे काप काढतात. एकेका कापाचा एकेक फोटो. संगणक ते काप पावाच्या कापांसारखे पुन्हा एकावर एक रचतो. मग मला डोळ्यांवर लावणारा माणूस थेट पेशीच्या पोटात जाऊन उभा राहतो. केसाच्या जाडीहून लहान असलेली पेशी घराएवढी होते. तिच्या आजूबाजूला चमकते मणी तरंगत असतात. ते पेशीचे नव्हेत. काकाच ते मापासाठी चिमूटभर मिसळतात.

कामाची रीतही ठरलेली. जमिनीवर पिवळ्या पट्टीचा चौकोन आखलेला आहे, त्याच्या आत उभं राहायचं. आतल्याला स्वतःचे हातही दिसत नाहीत, म्हणून आतला बोलतो आणि बाहेरचा वहीत लिहितो.

सुरुवातीला माझा काय थाट होता! प्रयोगशाळेचे मोठे सर पहिल्या दिवशी पेशीत शिरले आणि चौकोनाबाहेर पडून कपाटावर आपटले. कपाळाला टेंगूळ आलं, तरी हसत होते. एक पाहुणे तर पेशीचं केंद्रक डोक्याला लागेल म्हणून खाली वाकले. रांग लागायची माझ्यापुढे.

मग धाकटी आली. हलका, पारदर्शक चष्मा. तिच्यातून खोलीही दिसते आणि टेबलावर तरंगणारी पेशीही दिसते. दिसायला नाजूक, वजनाला पिसासारखी. झालं, सगळे तिच्यामागे. मला कोणीतरी खिडकीत ठेवलं, काचा वर करून. दुपारचं ऊन माझ्या भिंगांतून आत उतरलं आणि उजव्या डोळ्याच्या पडद्यावर टाचणीच्या डोक्याएवढा डाग जाळून गेलं. ठेवणाऱ्याला कोणी बोललं नाही. "आजीला मोतीबिंदू झाला," एवढं म्हणून सगळे हसले. मी कपाटात गेले.

मला बाहेर काढलं ते एका पोरीने. ती इथे तीन वर्षं एकच काम करत होती. आजारी पेशी लांबट होतात. हिचं औषध दिलं की त्या गोल राहतात, असं हिचं म्हणणं. शुक्रवारी बाहेरून परीक्षक येणार होते आणि तिला त्यांना पेशीच्या आत न्यायचं होतं. धाकटीला आत नेता येत नाही. म्हणून सोमवारी सकाळी तिने माझी धूळ झटकली, पट्टा आवळला आणि चौकोनात उभी राहिली. समोर औषध दिलेली पेशी होती आणि काका वही घेऊन बसले.

"वरून गोल," ती म्हणाली. काकांनी लिहिलं.

मग ती खाली बसली आणि तिने पेशीकडे बाजूने पाहिलं. उठून पेशीभोवती फिरली आणि पुन्हा खाली बसली.

"काय लिहू?" काकांनी विचारलं.

"लांबट आहे, काका. खांबासारखी उभी आहे."

दुसरी पेशी, तिसरी पेशी. सगळ्या वरून गोल आणि बाजूने खांब. आधी सगळ्यांनी मलाच धरलं. आजीचा डोळाच गेलाय, तिचं काय ऐकता! मग धाकटीला लावून पाहिलं. तिनेही टेबलावर तेच खांब उभे केले. माझ्यावरचा आळ गेला, पण मला सुटल्यासारखं वाटलं नाही. कारण आता आळ पोरीवर गेला.

मोठे सर हळूच म्हणाले, "तीन वर्षं आपण वरूनच बघत होतो की काय?" त्यांनी 'आपण' म्हटलं खरं, पण घाव तिलाच लागला.

बुधवारपर्यंत ती नीट जेवली नाही. त्या दिवशी दुपारी तिची आई डबा घेऊन प्रयोगशाळेत आली. शिवणकाम करणारी बाई, गळ्यात मापाची फीत तशीच लटकलेली.

"जेव," आई म्हणाली.

"भूक नाही."

"मग मी बसते इथेच. मला काय, शिलाईची वाट बघणारे बघतील." तिने मला उचललं. "हे काय, घोड्याची झापडं?"

"आई, ठेव ते."

"तीन वर्षं घर सोडून कुठे जातेस, ते मला बघू दे तरी."

काकांनी तिला चौकोनात उभं केलं. मी तिच्या अंबाड्यावरून कशीबशी बसले. ती घाबरली नाही, ओरडली नाही. ब्लाउजचं कापड पारखावं तशी सावकाश सगळीकडे फिरली.

"ही तुझी पेशी होय? बरी आहे. आणि हे मणी कसले, काकडीच्या बियांसारखे?"

पोरीने मान वर न करताच पाठ केलेलं उत्तर दिलं. "ते मापाचे मणी, आई. कारखान्यातून अगदी गोल येतात."

"गोल? मग मी आंधळी आहे का? सगळे उभट आहेत, आणि सगळे एकाच दिशेने ताणलेले. असं कापड ताणून कापल्यावर होतं. ठिपके होते गोल, झाले लांब. आता ठिपक्यांना शिव्या दे."

पोरगी उठली. काका तिच्याआधी उठले. दोघेही संगणकाकडे धावले.

मित्रांनो, चूक काकांची होती, आणि ती त्यांनी मायेने केली होती. पोरीची परीक्षा, चित्र सुबक यावं, म्हणून त्यांनी नेहमीपेक्षा तिप्पट काप काढले होते, अगदी पातळ पातळ. पण दोन कापांमधलं अंतर संगणकात जुनंच राहिलं. संगणकाने पातळ काप जाड समजून रचले आणि सगळ्या पेशी तिप्पट उंच झाल्या. मणी पहिल्यापासून ते सांगत होते. मी त्यांना पहिल्यापासून दाखवत होते. पण सगळे पेशीच बघत होते. मला दाखवता येतं, बोलता कुठे येतं?

आकडा बदलला. आई अजून आतच होती.

"बसला बघ खाली खांब," ती म्हणाली. "लाडूसारखा झाला."

"आणि मणी? आई, मणी गोल आहेत का?"

"गोल आहेत गं. सगळे गोल आहेत."

पोरगी पिवळ्या पट्टीवरच खाली बसली आणि रडली. काका चष्मा पुसत राहिले. "तिप्पट केलं ते तुझ्याचसाठी गं," असं दोनदा म्हणाले.

"तिप्पट माया, एक आकडा कमी," आई म्हणाली. "आता दोघं जेवा."

आणि दोघं जेवली. डब्यातलं काही उरलं नाही.

शुक्रवारी तीन परीक्षक एकामागून एक माझ्यातून आत गेले. उजवीकडच्या डागाबद्दल पोरीने आधीच सांगून ठेवलं होतं, "तो आजीचा तीळ आहे, पेशीत शोधू नका." तिचं काम मान्य झालं. मला आतून हलकं वाटलं, इतकं की पट्टाही सैल झाल्यासारखा वाटला.

आता मी पुन्हा कपाटात असते, पण आईने शिवून दिलेल्या जाड कापडाच्या पिशवीत, उन्हापासून लांब. आणि वहीत प्रत्येक दिवसाची पहिली ओळ ठरलेली आहे: मणी गोल आहेत का? आतला 'हो' म्हणाल्याशिवाय बाहेरचा पुढे लिहीत नाही.

मित्रांनो, म्हातारीचं एवढं ऐका. दिसलं ते आवडलं नाही म्हणून डोळ्याला बोल लावू नका आणि स्वतःलाही लावू नका. आधी माप तपासा. आणि काम झालं की माझ्या काचा पुसून ठेवा, मऊ, कोरड्या कापडाने. थुंकी लावून नव्हे. मोठ्या सरांनाही हेच सांगा.